दोन खिडक्यांचा पुठ्ठा

"घे तुझं डबडं!" आत्यानं फोन माझ्या टेबलावर आदळला.

"आत्या, हळू. काच जाईल."

"जाऊ दे काच. तिकडं माझा कांदा चाललाय."

आत्या माझी सख्खी नव्हे. अर्धं गाव तिला आत्या म्हणतं आणि उरलेलं अर्धं तिच्या तोंडाला भिऊन लांबनं जातं. साठी कधीच उलटली, पाठ वाकली, पण आवाज मात्र पार पाटाच्या पुलापर्यंत जातो. दहा गुंठ्यांचा एक तुकडा आणि त्यात लावलेला कांदा, एवढाच तिचा संसार. विहीर नाही. पाटाचं पाणी आलं तर पीक, नाही तर माती.

"झालं काय ते तर सांग."

"सकाळपासनं फावडं घेऊन बांधावर उभी आहे. शेजारच्याला पाणी, त्याच्या पलीकडच्याला पाणी, माझ्याकडचं पाटाचं दार बंद. पाटकऱ्याला विचारलं तर म्हणतो, आत्या, तुमचं नाव यादीत नाही, तुम्हीच हंगामाचा हक्क सोडलाय. मी म्हटलं, मुडद्या, हक्क सोडायला मी काय संन्यास घेतलाय?"

मी फोनवर बसवलेला पुठ्ठा काढला आणि फोन उघडला. पाटबंधारे कचेरीच्या पानावर तिचं नाव होतं आणि त्याखाली राखाडी अक्षरांत एक ओळ: काल सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी हक्क सोडला. मी ती ओळ दोनदा वाचली. मग पुठ्ठा पुन्हा बसवला आणि त्याच्या खिडकीतनं आत पाहिलं.

हा पुठ्ठा मी केला होता.

त्याचं असं झालं. पूर्वी पाण्याची चिठ्ठी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे द्यायची. या हंगामापासनं कचेरीनं चिठ्ठी बंद केली. पाट दर बारा दिवसांनी येतो. पाणी यायच्या आदल्या दिवशी सकाळी सहा ते आठ या वेळात फोनवरनं मागणी करायची. नाही केली तर त्या खेपेला पाणी नाही. गावात निम्म्या घरांत असला फोन नव्हता आणि ज्या घरांत होता तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असायचा. आत्याचा मुलगा ट्रक घेऊन महिना महिना परगावी. सून पाचलाच गोठ्यावर दूध काढायला जाते, ती नवाला परतते. सहा ते आठ घरात फक्त आत्या.

शहरातल्या एका संस्थेनं लोकांनी टाकून दिलेले फोन गोळा करून पोत्यात भरून पाठवले. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी बसले होते, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात आलं आणि मला आवडलंही. दूध संकलनाची जुनी खोली केंद्रासाठी मिळाली. ओट्याला अजून उताराची मोरी होती आणि उन्हं चढली की भिंतींतनं आंबट वास सुटायचा. पोत्यात एकसष्ट फोन निघाले. फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या बादलीत टाकल्या, दोन मेलेल्या फोनांतनं एक जिवंत केला, कुणाचे फोटो, कुणाचे निरोप सगळं पुसून टाकलं. त्रेचाळीस चालू झाले.

अडचण पुढंच होती. पाणी यायला आठ दिवस उरले होते आणि ज्यांना फोन द्यायचे त्यांतल्या बहुतेकांना अक्षराची ओळख नव्हती. आत्याचं बोट पडद्यावर टेकलं की थरथरायचं आणि भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा तिनं कचेरीऐवजी कुणा न्हाव्याला फोन लावला आणि त्यालाच पाण्याचं विचारलं.

तेव्हा मला पुठ्ठ्याची युक्ती सुचली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फोनच्या मापानं कापला. पानावर सहा चौकोन होते. त्यांतल्या 'पाणी मागा' या चौकोनाच्या जागी एक खिडकी कापली आणि खाली जिथं 'नक्की' असं यायचं तिथं दुसरी. बाकी सगळा पडदा झाकला. वरच्या खिडकीत बोट, मग खालच्या खिडकीत बोट, झालं काम. पट्टी लावून मिलिमीटर मोजत मी असे त्रेचाळीस पुठ्ठे कापले. फोनांचे आकार वेगवेगळे, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं. मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

"आजूबाजूचं काही बघायचं नाही," मी प्रत्येकाला सांगितलं होतं. "काय लिहिलंय त्याचा विचार करायचा नाही. खिडकी दिसली की दाबायचं."

पहिल्या खेपेला सगळ्यांना पाणी मिळालं. लोक माझं कौतुक करत होते. मग कचेरीनं ते पान बदललं. फोन जुने, त्यात काही बिघडू नये म्हणून नवं काही आलं की आपोआप उतरावं अशी सोय मीच करून ठेवली होती. रविवारी आत्या केंद्रात येऊन घटकाभर बसली, तेवढ्यात इथलं नेट धरून नवं पान तिच्या फोनात उतरलं. 'पाणी मागा' वरच्या ओळीत गेलं होतं. त्याच्या जागी आलं होतं 'हंगामाचा हक्क सोडा'. ज्यांनी पेरलंच नाही त्यांनी आपलं पाणी दुसऱ्याला द्यावं, म्हणून ही सोय. 'नक्की' मात्र होतं तिथंच होतं.

"बोल की," आत्या म्हणाली. "तोंडात काय धरलंयस?"

"आत्या, चूक तुझी नाही."

"ते मला ठाऊक आहे. कुणाची ते सांग."

"माझी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आत्या शिव्या देईल या तयारीत मी होते. पण ती ओट्यावर बसली आणि तिनं पुठ्ठा आपल्या पिशवीत घातला.

"दोन पाण्यांचं काम होतं गं," ती म्हणाली. "आत्ता पोसायला लागलाय. दोन पाणी मिळाली असती की मुठीएवढा झाला असता."

पाटाच्या खालच्या अंगाच्या लोकांची मागणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मी दुपारच्या उन्हात घरोघर फिरले आणि पुठ्ठे काढून घेतले. गवंड्याच्या बायकोनं दारातच अडवलं. "का गं? चांगलं चाललंय की. पुठ्ठ्याशिवाय आम्हाला काय कळणार?" मी तिला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू आम्हाला डोळे झाकून चालायला शिकवलंस होय?" मी पुठ्ठा पिशवीत टाकला आणि पुढच्या घरी गेले. आत्याशिवाय आणखी दोघांचा हक्क गेला होता, पण एकाकडं विहीर होती आणि दुसऱ्याचं रान मोकळंच होतं. बुडाली ती आत्याच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कचेरीत गेलो. कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पडदा आमच्याकडं वळवून दाखवला.

"हे बघा मावशी. सहा वाजून चार मिनिटं. तुमचा फोन, तुमचं बोट. वर पुन्हा विचारलंय, नक्की का? तुम्ही नक्की म्हणालात."

"मी कुठं म्हणाले? हिनं केलेलं भोक दाबलं मी."

"कसलं भोक?"

आत्यानं पिशवीतनं पुठ्ठा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो फोनवर बसवला, दोन्ही खिडक्यांतनं पाहिलं आणि खो खो हसला. पलीकडच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवला. मग माझ्या चेहऱ्याकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं पुठ्ठा हळूच परत केला.

"मोजून कापलाय चांगला," तो म्हणाला.

"आता काय करायचं ते सांगा, साहेब," मी म्हटलं.

"अर्ज करा. सोडलेला हक्क परत मिळतो. फक्त शेतात उभं पीक पाहिजे. निरीक्षक येऊन बघतो, मग पाणी मंजूर."

"कधी येईल तो?"

"पुढचा पाट यायच्या आत. दहा-अकरा दिवस धरा."

आत्या पुढं वाकली. "म्हणजे पाणी दिलं नाही तरी पीक उभं राहिलं पाहिजे, मग पाणी मिळणार?"

कारकुनानं टेबलावरचे कागद सारखे केले. "नियम मी नाही केला, मावशी."

"तुम्ही नाही, हिनं नाही, मी नाही. बरं झालं. कांद्यानंच केला असेल."

अर्ज मी तिथंच बसून भरला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. दहा गुंठे भिजवायचे तर पन्नास हजार लिटर पाणी लागतं. हंडा पंधरा लिटरचा. म्हणजे तीन हजारांवर हंडे आणि हातपंप शेतापासनं अर्ध्या कोसावर. मी कागद आत्यापुढं ठेवला. तिनं त्याकडं बघितलंही नाही.

"किती जगवता येईल तेवढं बोल."

"चार वाफे. दर तीन-चार दिवसांनी तीसेक हंडे."

"ऐंशी वाफ्यांतले चार?"

"चारच."

त्यावरनं सासू-सुनेची जुंपली. शेताच्या मधोमध काळी माती होती, तिथला कांदा सगळ्यांत जोमदार. आत्याला तेच वाफे जगवायचे होते. सून रस्त्याकडेचे म्हणत होती.

"रस्त्याकडेला मुरूम आहे. तिथला कांदा लिंबाएवढा. त्याला पाणी पाजून काय करू?" आत्या म्हणाली.

"अहो आई, कांदा खायचा नाहीये. दाखवायचाय. साहेब गाडीतनं उतरला की त्याला आधी काय दिसणार? वाळलेलं. तिथनंच परत फिरेल. तो काय दुर्बीण घेऊन येणार आहे?"

"चांगलं सोडून वाईट जगवायचं? सगळा जन्म मातीत गेला, असली शेती नाही केली मी."

"माझाही जन्म चाललाय मातीतच. पण हंडा तुमच्या कमरेनं उचलणार नाही, माझ्या उचलणार आहे."

आत्यानं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "रस्त्याकडेचेच धरा मग."

पुढचे दिवस मी मोजत होते. सून गोठ्यावरनं नवाला यायची, दोन घास पोटात टाकायची, की आम्ही निघायचो. पंपाचा दांडा इतका तापायचा की पदर गुंडाळून धरावा लागे. वीस वेळा हापसलं की हंडा भरायचा. आत्याला आम्ही हंडा उचलू देत नव्हतो. ती वाफ्यात बसून वाटी वाटीनं रोपाच्या बुडाशी पाणी घालायची, घातल्यावर कोरडी माती हातानं वर ओढायची, म्हणजे ऊन ते पिऊन टाकणार नाही. हे मला पुस्तकात शिकवलं होतं. तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

मधल्या रानाकडं ती बघत नसे. पाचव्या दिवशी तिथल्या पातीची टोकं पिवळी झाली. सातव्या दिवशी पात लोळली. नवव्या दिवशी जमीन अशी तडकली की भेगेत माझं बोट मुळापर्यंत जात होतं. सुनेनं एक कांदा उपटला. सुपारीपेक्षा थोडा मोठा, सालं कागदासारखी. तिनं तो आत्याला दिसू नये म्हणून ओच्यात टाकला.

"लपवू नकोस," आत्या पाठमोरीच म्हणाली. "उपटल्याचा आवाज कळतो मला."

मी एकदा म्हटलं, "आत्या, मी पुठ्ठा कापला नसता तर..."

"तर पहिलं पाणी पण मिळालं नसतं. रडायचं असलं तर घरी जाऊन रड. इथं हंडा आण."

निरीक्षक अकराव्या दिवशी आला. तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. गाडीतनं उतरला आणि समोर हिरवे वाफे बघून त्याचा चेहरा खुलला. सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मग तो बांधावरनं आत चालत गेला. मध्यापर्यंत गेला, वाकून एक पात उचलली, ती त्याच्या बोटांत चुरली. परत आला तेव्हा त्यानं फोनवर काहीतरी भरायला सुरुवात केली होती.

"उभं पीक चार वाफे," तो म्हणाला. "बाकीचं गेलं, आजी. मी खोटं लिहू शकत नाही."

"लिहू नका. पाणी मिळेल ना?"

"मिळेल. मंजूर केलं मी." तो खरंच आनंदानं बोलत होता. "पाणी उभ्या पिकाच्या हिशेबानं मिळतं. दहा गुंठ्यांना पन्नास मिनिटं दार उघडतं. चार वाफ्यांना तशी अडीच मिनिटं येतात, पण कमीत कमी सहा मिनिटं द्यायची असा नियम आहे. सहा मिळतील."

गाडी गेली.

"पाटाच्या दारापासनं आपल्या वाफ्यापर्यंत पाणी यायला किती वेळ लागतो?" सुनेनं विचारलं.

"दांड ओला असला तर पाच मिनिटं," आत्या म्हणाली. दांड म्हणजे पाटातनं शेताकडं पाणी आणणारी मातीची नाली. आमचा दांड एकशे ऐंशी पावलांचा. चोवीस दिवसांत त्यात थेंब गेला नव्हता.

"आणि कोरडा असला तर?"

आत्या फावडं घेऊन दांडात उतरली. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही तिघी दांडातल्या भेगा ठेचत होतो. खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवली, गवत काढलं, तळ पायांनी तुडवून घट्ट केला. मला ठाऊक होतं की वरची कातडी घट्ट झाली तरी खालची माती तहानलेलीच राहणार. पण ते बोलून दांड ओला होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकरी दाराशी उभा होता. दाराला आता कचेरीचं कुलूप होतं. वेळ झाली की त्याच्या फोनवर खूण यायची आणि किती मिनिटं दार उघडं होतं ते तिकडं उमटायचं.

"आत्या, मी एक मिनिट जास्त सोडलं तरी कचेरीला कळतं हो," तो आधीच म्हणाला.

"तुला कुणी मागितलंय? उघड."

सून त्या सकाळी गोठ्यावर खाडा करून आली होती. ती वाफ्यांच्या तोंडाशी फावडं धरून उभी. मी दांडाच्या कडेनं पाण्याच्या तोंडाबरोबर चालत होते. पाणी आलं. पहिली साठ पावलं जोरात आलं, पुढं फेस आणि काटक्या ढकलत. मग हळू झालं. भेगांतनं बुडबुडे यायला लागले. पाणी पुढं सरकण्याआधी खाली उतरत होतं. आत्या दांडाच्या कडेला वाकून त्याच्याशी बोलत होती. "चल. चल की. थांबतंस कशाला? चल, माझ्या राजा."

शंभर पावलांवर पाटकऱ्याची हाक आली. "आत्या, बंद करतोय!"

दार बंद झालं तरी दांडातलं पाणी थोडं पुढं आलं. एकशे तीस, एकशे पन्नास. मग त्याचं तोंड बारीक झालं, एका ढेकळाला वळसा घालून गेलं आणि थांबलं. मी पावलं मोजली. वाफ्यापासनं बारा पावलं.

आत्याच्या ओच्यातला फोन वाजला. सुनेनं येऊन तो हातात घेतला.

"काय म्हणतोय?" आत्यानं विचारलं.

सुनेनं वाचलं. "आपल्या शेताला पाणी पोहोचले आहे, म्हणतोय."

आत्यानं दांडाकडं पाहिलं, मग फोनकडं. "आणखी काय?"

"विचारतोय, आपण समाधानी आहात का? खाली होय आणि नाही."

"'नाही' कुठलं?"

"मी दाबते, आई."

"तू दाबू नकोस. मला दाखव. मला बघायचंय ते लिहितात कसं."

सुनेनं बोट ठेवून दाखवलं. आत्यानं फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. चिखलाचं बोट साडीला पुसलं. दोन्ही अक्षरं नीट बघून घेतली आणि मग दाबलं.

"आता काय आलं?"

"धन्यवाद आलं," सून म्हणाली आणि तिनं फावडं टाकून दिलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले.

"काय उभ्या राहिलात दोघी?" आत्या दांडात गुडघ्यांवर बसली होती, ओंजळीनं गढूळ पाणी उपसून हंड्यात टाकत होती. "वाट्या घ्या, लवकर. जिरतंय ते."